युरोपने गॅस एकत्र घ्यावा की तारा एकत्र ओढाव्यात?

हिवाळी:
युरोपियन संघाच्या समाईक ऊर्जा धोरणाची सगळी गोम लिस्बन कराराने आणलेल्या कलम 194 मध्ये आहे. बाजार चालता ठेवणं, पुरवठ्याची हमी, बचत आणि देशादेशांमधल्या जोडण्या ही संघाची कामं, असं पहिला भाग म्हणतो. कोणतं इंधन वापरायचं आणि पुरवठ्याची घडी कशी बसवायची हा हक्क ज्या त्या देशाचा, असं दुसरा भाग म्हणतो. घर एक, चुली सत्तावीस.

2021 मध्ये संघाने रशियाकडून सुमारे 155 अब्ज घनमीटर गॅस घेतला, एकूण आयातीच्या जवळपास 45 टक्के. जर्मनीतल्या रेडेनची सुमारे 4 अब्ज घनमीटरची भूमिगत साठवण रशियाची सरकारी गॅस कंपनी गाझप्रॉम हिच्या उपकंपनीच्या ताब्यात होती आणि त्या हिवाळ्यात जवळजवळ रिकामी होती. ती भरायला लावणारा कायदाच तेव्हा नव्हता. जून 2022 मध्ये संघाने नियम केला की 1 नोव्हेंबरपर्यंत साठे 80 टक्के भरलेले हवेत आणि पुढच्या वर्षापासून 90 टक्के. नियम चांगला, पण खरेदी प्रत्येकाची वेगळी. सगळे एकाच उन्हाळ्यात एकाच बाजारात उतरले आणि ऑगस्टमध्ये नेदरलँड्सच्या टीटीएफ या गॅस बाजारात भाव मेगावॅट-तासाला 300 युरोंच्या वर गेला. महागात भरलेल्या साठ्याचा तोटा भरून काढायला जर्मनीने जो अधिभार लावला, तो ऑस्ट्रिया आणि चेकियाकडे पुढे जाणाऱ्या गॅसवरही लागला. 2024 च्या उत्तरार्धात तो मेगावॅट-तासाला 2.50 युरो होता. शेजाऱ्यांनी ओरड केली तेव्हा कुठे जानेवारी 2025 पासून सीमेवर तो काढला.

म्हणून गॅसला एकच खरेदीदार हवा. हे स्वप्नरंजन नाही. अणुइंधनासाठी युराटॉमची (युरोपच्या अणुऊर्जा समुदायाची) पुरवठा संस्था 1960 पासून काम करतेय आणि पुरवठ्याच्या करारावर तिची सही लागते. तेलाचा साठाही प्रत्येक देशाला ठेवावाच लागतो: 90 दिवसांच्या निव्वळ आयातीइतका किंवा 61 दिवसांच्या वापराइतका, जो जास्त असेल तो. मग गॅसलाच काय सोनं लागलंय?

मोजपट्टी:
सोनं नाही, दाब लागलाय. तेलाच्या टाकीत शेवटचे दहा टक्के उरले तरी पंप तेवढ्याच वेगाने उपसतो. गॅसच्या भूगर्भातल्या साठ्याचं तसं नाही. साठा उतरला की आतला दाब उतरतो आणि दिवसाला बाहेर काढता येणारं प्रमाणही घटतं. त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी, 25 टक्क्यांवर आलेल्या साठ्यात कागदावर पुरेसा गॅस असतो, पण थंडीची लाट आली तर त्या दिवसाची मागणी भागेलच असं नाही. शिवाय दाब टिकवायला तळाशी ठेवलेला आधारवायू कधी काढायचाच नसतो. "इतक्या दिवसांचा साठा" हे तेलाचं माप इथे चालत नाही.

आता तुमचा एकच खरेदीदार. 2023 मध्ये ॲग्रीगेट-ईयू नावाने मागणी एकत्र करून पाहिली. प्रत्येक देशाने भरायच्या साठ्याच्या 15 टक्क्यांइतकी, म्हणजे मिळून सुमारे 13.5 अब्ज घनमीटर मागणी त्यात नोंदवणं सक्तीचं होतं. नोंदणी आणि जुळणी समाईक होती, करार मात्र कंपन्यांनी आपापले केले. याचं कारण साधं आहे. एलएनजीचं, म्हणजे द्रवरूप केलेल्या गॅसचं जहाज जास्त भाव देणाऱ्या बंदराकडे वळतं. टोकियो आणि सोल बोली लावायला बसलेले असताना ब्रुसेल्स मोठं गिऱ्हाईक आहे म्हणून कतार सूट देणार नाही.

उलट समाईक सक्तीनेच भाव चढतो. 90 टक्क्यांची तारीख ठरलेली असली की युरोपला अमुक दिवसापर्यंत घ्यावंच लागणार, हे प्रत्येक विक्रेत्याला कळतं. 2025 च्या सुरुवातीला येत्या उन्हाळ्याचा वायदा त्यापुढच्या हिवाळ्यापेक्षा महाग होता. उन्हाळ्यात महाग घेऊन हिवाळ्यात स्वस्त विकायला कोण साठवण करेल? शेवटी नियम सैल करावा लागला. आता 1 ऑक्टोबर ते 1 डिसेंबर या काळात कधीही 90 टक्के गाठले तरी चालतं, आणि बाजार प्रतिकूल असेल तर त्यातही सूट मिळते.

उलटा पंप:
दोघेही खरेदीवरच भांडताय. विकत घेतलेला गॅस पलीकडे जातो का, ते आधी बघा. गळती कळावी म्हणून फ्रान्स मुख्य वाहिनीत शिरतानाच गॅसमध्ये वासाचं रसायन मिसळतो. जर्मनी ते शेवटच्या टप्प्यात, गावच्या वितरण जाळ्यात मिसळते. म्हणून सारब्रुकनजवळच्या मेडेल्सहाइमच्या जोडणीतून वर्षानुवर्षं गॅस जर्मनीकडून फ्रान्सकडेच जात होता. उलटा पाठवला तर त्यातलं गंधक जर्मन रासायनिक कारखान्यांना आणि साठवणुकींना त्रास देणार. ऑक्टोबर 2022 मध्ये नाइलाजाने तो वासाचा गॅस घ्यायला सुरुवात झाली, तीही दिवसाला जास्तीत जास्त 100 गिगावॅट-तास. अशा जागी समाईक मानक ठरवायला काही कोटी युरो आणि चार अभियंते पुरतात, पण त्यावर कुणी भाषण करत नाही.

पूर्ववाहिनी:
मुळात "समाईक" म्हणजे कुणाचं? क्रिमिया 2014 मध्ये रशियाने घेतला आणि 2015 मध्ये नॉर्ड स्ट्रीम 2 चा, म्हणजे रशियातून समुद्राखालून थेट जर्मनीला येणाऱ्या गॅसवाहिनीचा करार झाला. तेव्हा संघाचा एकच खरेदीदार असता, तर त्याच्या खुर्चीवर बर्लिनचंच वजन पडलं असतं. पोलंड आणि लिथुआनिया तेव्हा कंठशोष करत होते, त्यांना रशियाद्वेष्टे म्हटलं गेलं. लिथुआनियाने 2014 मध्ये क्लायपेडाला तरंगतं एलएनजी टर्मिनल आणलं आणि एप्रिल 2022 मध्ये रशियन गॅस बंद केला. पोलंडने नॉर्वेचा गॅस आणणारी वर्षाला 10 अब्ज घनमीटरची बाल्टिक पाइप बांधली. ती सप्टेंबर 2022 मध्ये सुरू झाली, नॉर्ड स्ट्रीमवरचे स्फोट झाले त्याच आठवड्यात. ज्यांनी शहाणपण दाखवलं त्यांनी ते 194 च्या दुसऱ्या भागामुळे दाखवलं. तो भाग काढाल तर पुढच्या वेळी चूकही सत्तावीस जण एकदम करतील.

हिवाळी:
@पूर्ववाहिनी, पोलंडचं मान्य. पण बाल्टिक पाइपला संघाचा निधी मिळाला होता, हे का गाळलंत? आणि बल्गेरियाचं काय? जानेवारी 2009 मध्ये युक्रेनमार्गे येणारा गॅस दोन आठवडे बंद झाला आणि बल्गेरियात घरं गोठली. उपाय तेव्हाच ठाऊक होता: ग्रीसला जोडणारी वाहिनी. लांबी अवघी 182 किलोमीटर. ती ऑक्टोबर 2022 मध्ये चालू झाली. तेरा वर्षं! तोवर गाझप्रॉमने एप्रिल 2022 मध्ये बल्गेरियाला तोडूनही झालं होतं. "ज्याचं त्याने बघावं" ही चैन मोठ्या देशांची आहे.

रशियन गॅसच्या बंदीचंही तसंच. निर्बंधांना एकमत लागतं आणि हंगेरी व स्लोव्हाकिया ते होऊ देत नव्हते. म्हणून युरोपियन आयोगाने तो विषय व्यापार कायद्यात नेला, जिथे 15 देश आणि 65 टक्के लोकसंख्या पुरते. डिसेंबर 2025 मध्ये त्यावर तडजोड झाली. दीर्घ मुदतीच्या करारांतलं एलएनजी 2027 च्या सुरुवातीला आणि वाहिनीतला गॅस त्याच वर्षीच्या शरदात बंद. नकाराधिकार असता तर हे झालं नसतं.

पूर्ववाहिनी:
मागच्या दाराने आणलेलं बहुमत पुढच्या वेळी अणुवीजविरोधी गटाच्याही हाती पडू शकतं. मग अणुवीज वापरणाऱ्या चेकियाला समजावायला तुम्ही जा.

टनावारी:
हवामानाचा "ह" अजून निघालेला नाही, म्हणून लिहितो. संघाचं खरं समाईक धोरण एकच आहे: 2005 पासूनचा उत्सर्जन परवान्यांचा, म्हणजे कार्बन सोडायच्या परवान्यांचा बाजार. या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या मध्यात परवान्याचा भाव टनाला 5 युरोंच्या आसपास लोळत होता. जादा परवाने काढून घेणारा राखीव साठा 2019 मध्ये आला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये भाव 100 युरोंना शिवला. परवाना टनाला 70 युरो धरा. 50 टक्के कार्यक्षमतेचं गॅस केंद्र एका मेगावॅट-तास विजेसाठी 2 मेगावॅट-तास गॅस जाळतं आणि सुमारे 0.4 टन कार्बन सोडतं. गॅस मेगावॅट-तासाला 30 युरोंनी मिळाला तर 60 अधिक 28, म्हणजे 88 युरो. कोळसा केंद्राचं इंधन 32 युरोंचं, पण 0.85 टनाचे जवळपास 60 युरो होतात, एकूण 92. परवाना 5 युरोंवर असता तर कोळसा सुमारे 36 युरोंना आणि गॅस 62 ला पडला असता. कोणत्या देशाने काय जाळावं हे कुणालाही न सांगता कोळसा मागे पडतो. कलम 194 ला हात लावायची गरजच काय?

मोजपट्टी:
गणित बरोबर आहे, फक्त 30 युरोंपुरतं. तेच 200 युरोंनी करून पाहा. गॅसच्या विजेचं नुसतं इंधन 400 युरोंचं होतं, कोळशाचं 32 च. हा 368 युरोंचा फरक 0.45 टनाने भागलात तर कोळशाला थोपवायला परवाना टनाला 800 युरोंच्या वर लागतो. तसा भाव लावायची कोणत्या सरकारची छाती आहे? 2022 मध्ये जर्मनीने राखीवातली कोळसा केंद्रं बाहेर काढली ती याचमुळे. आणि गंमत म्हणजे रशियापासून सुटण्याच्या योजनेसाठी 20 अब्ज युरो उभे करायला संघाने परवानेच जास्त आणि लवकर विकायचं ठरवलं. सुरक्षिततेचा पैसा हवामानाच्या खिशातून. टनावारी, तुमचा बाजार सुखाच्या दिवसांचा सोबती आहे.

टनावारी:
परवान्यांची एकूण संख्या वाढवलेली नाही, पुढच्या वर्षांतले आधी विकले. फरक आहे. पण भाव पडला, हे खरं.

50 हर्ट्झ:
तारांबद्दल शीर्षकात आहे, धाग्यात नाही. 28 एप्रिल 2025, दुपारी 12:33. स्पेनमध्ये पाच सेकंदांत सुमारे 15 गिगावॅट निर्मिती गेली आणि इबेरिया (स्पेन-पोर्तुगाल) अंधारात. लगेच दोन टोळ्या पडल्या: "सौरऊर्जेने बुडवलं" आणि "फ्रान्सची तार बारीक म्हणून बुडालं". दोन्ही अर्धवट. दिवे गेले ते विद्युतदाब वर चढत गेल्याने. दाब वाढला म्हणून काही केंद्रं सुटली, ती सुटल्याने दाब आणखी वाढला, मग पुढची सुटली. स्पेनच्या जुन्या नियमानुसार सौर आणि पवन केंद्रं ठरावीक पॉवर फॅक्टरवर, म्हणजे प्रतिघाती शक्तीचं (दाब वर-खाली करणाऱ्या विजेच्या भागाचं) प्रमाण ठरवूनच चालायची, दाब बघून ती शोषून घेण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. इन्व्हर्टरला (त्यांची वीज जाळ्याजोगी करणाऱ्या यंत्राला) ते जमतं, नियम सांगत नव्हता. तो नियम जून 2025 मध्ये बदलला.

फ्रान्सची जोडणी जाडी असती तर दाबाची ही साखळी थांबली असतीच असं नाही. मात्र पुन्हा उभं राहायला फ्रान्स आणि मोरोक्कोच्या तारांनीच पहिला हात दिला. हिवाळीजी, समाईक धोरण म्हणून मला हेच हवंय: दाब नियंत्रणाचं समान मानक, संरक्षण रिलेच्या (धोका दिसताच केंद्र तोडणाऱ्या उपकरणांच्या) समान मर्यादा आणि तारा. एकच खरेदीदार नको.

खाडीकाठ:
युरोपने "सुरक्षितता" विकत घेतली ती कुणाच्या ताटातून, हेही नोंदवा. भारताच्या गेल कंपनीचा गाझप्रॉमच्या सिंगापूर शाखेशी 20 वर्षांचा करार होता, वर्षाला सुमारे 25 लाख टन एलएनजीचा. जर्मनीने 2022 मध्ये गाझप्रॉम जर्मानिया ताब्यात घेतली, तिचं नाव सेफे झालं आणि आपली जहाजं थांबली. गेलला खत कारखान्यांचा पुरवठा कापावा लागला. जानेवारी 2025 मध्ये 28.5 कोटी डॉलरवर तडजोड झाली. पाकिस्तानच्या जुलै 2022 च्या निविदेला तर एकही बोली आली नाही. आणि 2026 पासून हाच युरोप आपल्या पोलादावर, नट-बोल्टांवरसुद्धा, सीमेवर कार्बनशुल्क लावतो.

मोजपट्टी:
@खाडीकाठ, एकच खरेदीदार असता तर तुमच्या जहाजांवर आणखी मोठा हात पडला असता. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

हिवाळी:
ठीक आहे, एक पाऊल मागे घेतो. रोजची खरेदी कंपन्यांनी करावी, पण सरकारी हमीवर साठे भरायची वेळ आली की बोली एकच असावी. ऑगस्ट 2022 पुन्हा नको.

@50 हर्ट्झ, तारांवर सहमत, पण तिथेही भांडण पैशाचंच आहे. बिस्केच्या उपसागराखालून येणारी केबल फ्रान्स-स्पेन जोडणी 2.8 वरून 5 गिगावॅटवर नेणार आहे. संघाने त्यासाठी 2018 मध्येच 57.8 कोटी युरो मंजूर केले, तरी ती 2028 च्या आधी येत नाही. स्पेनची स्वस्त दुपारची वीज वर येणार म्हटल्यावर आपल्या अणुकेंद्रांचा दर पडणार, हे पॅरिसला कळतं. ज्याच्या बाजारात भाव उतरणार त्याच्याच जमिनीतून तार जाणार आहे. त्याला किती द्यायचं, याचं सूत्र तुमच्या मानकांत कुठे बसतं?

50 हर्ट्झ:
बसत नाही. सीमापार खर्चवाटपाची सध्याची पद्धत दोन्हीकडच्या नियामकांनी आपसात ठरवायची आहे, न जमलं तर लुब्लियानाची एसर ही ऊर्जा नियामकांची युरोपियन संस्था निर्णय देते. आणि फायद्याचा हिशोब बहुधा पाव शतकाचा मांडतात, निवडणूक मात्र पाच वर्षांनी येते.