मदत हवी आहे : पट्टायात सिस्टरांसोबत सेवेला जायचंय

नमस्कार मंडळी. मी वसईची, कॅथलिक, शिवणक्लास घेते. थायलंडमध्ये पट्टायाला गुड शेफर्ड सिस्टर्स या कॅथलिक नन्स बारमध्ये काम करणाऱ्या बायकांसाठी केंद्र चालवतात. तिथे काही महिने शिवण शिकवायचा विचार आहे. प्रार्थनेतून घेतलेला निर्णय आहे, फिरायला जाणं नव्हे. (आई म्हणते, इथे गरजू बायका कमी आहेत का? बोलणं खोटं नाही तिचं.)

टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही, नॉन-इमिग्रंट ‘ओ’ लागतो, एवढं कळलंय. कोणी काढलाय का? संस्थेकडून कुठली कागदपत्रं घेतलीत? थाई येत नसताना बेतणं, काज-बटण नुसतं हाताने दाखवून शिकवता येतं का? आणि खरी धास्ती वेगळीच आहे: त्यांना जरा माया लागते तोवर आपली परतायची वेळ. अनुभव असेल तर स्पष्ट सांगा, ‘जाऊ नकोस’ म्हणालात तरी चालेल.