लाटव्हियाची मारा: मूळची देवी की मेरीचंच रूप?

आडवाट:
लाटव्हियाच्या लोकगीतांत, म्हणजे दाइनांत, आयांची रेलचेल आहे. रानाची मेझा माते, समुद्राची यूरास माते, मेलेल्यांना सांभाळणारी व्हेल्यु माते. पण जीव लावावा अशी मारा. गाई राखते, दूध देते, बाळंतपण जिथे होई त्या न्हाणीघरात बाळंतिणीपाशी थांबते. पुष्कळ अभ्यासक तिला कुमारी मेरी ठरवून मोकळे होतात. गोठ्यात दुभत्याची काळजी वाहणारी मेरी बायबलात कुठे आहे? माझ्या मते देवी जुनी, नाव तेवढं नवं.

उंबरठा:
जुनी असेल तर तिचं जुनं नाव दाखवा. लाइमा या दुसऱ्या देवीचं दाखवता येतं. 17व्या शतकात पाउल आइनहॉर्न हा लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, पाद्री, बायका बाळंतपणात लाइमाचा धावा करतात म्हणून वैतागून लिहितो. माराचं तसं नाही. 13व्या शतकात जर्मन बिशप आणि क्रूसेडरांनी तो मुलूखच मेरीला वाहिला होता. हाराल्ड्स बिएझाइस या धर्माभ्यासकाने 1955च्या ग्रंथात माराचा उगम मेरीतच दाखवला. ‘आदिमाता मारा’ची आजची प्रतिमा बरीचशी 1925नंतर घडली, ब्रास्तिन्शच्या दिएव्हतुरी चळवळीतून, म्हणजे जुना लाटव्हियन धर्म पुन्हा उभा करू पाहणाऱ्या चळवळीतून.

खडीसाखर:
नशीब ठरवणारी लाइमा म्हणजे आपली सटवाईच की!

उंबरठा:
साम्य गोड आहे, पण पुरावा नव्हे. सटवाईला सहसा कुणी जाब विचारत नाही. दाइनांतल्या पोरी लाइमाला सरळ विचारतात, मला असलं नशीब का दिलंस?

आडवाट:
चळवळीने मारा सजवली, कबूल. पण लोकगीतांचा संग्राहक बारोन्स याने 1894 ते 1915 दरम्यान 2,17,996 गीतं छापली, ती चळवळीच्या आधीची. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर व्हिद्झेमे आणि कुर्झेमे या लाटव्हियातल्या प्रांतांतल्या लुथरन चर्चमधून मेरीची भक्ती गेली. तरी तिथल्या गीतांत मारा का टिकली?

उंबरठा:
कारण पाद्री गोठ्यात येत नव्हता. चर्चमधून हाकललेली मेरी तिथे राहिली, आणि गाणाऱ्या बायकांनी तिला आपली कामं लावली. त्यासाठी आदिम देवी कशाला हवी?

आडवाट:
कामं लावली की आधीच्या कुणाची होती ती तिच्याकडे आली? एकाच दाइनाच्या एका पाठात लाइमा येते, दुसऱ्यात त्याच ओळीत मारा. बाकीचं गाणं जसंच्या तसं. जागा आधीपासून होती म्हणूनच नावं बदलता आली.

उंबरठा:
जागा होती, हे मान्य. पण तुमच्याच उदाहरणात त्या जागेवर लाइमा बसलेली आहे.