मदत हवी आहे: बाळाच्या पासपोर्टसाठी जन्मदाखल्यावर आईचे नाव एक, आईच्या पासपोर्टवर दुसरे

दीड वर्षाच्या बाळाचा पहिला पासपोर्ट पुण्यातून काढायचा आहे, साध्या प्रक्रियेने. तत्काळ नको. जन्म १ ऑक्टोबर २०२३ नंतरचा, त्यामुळे जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. आणि घोळ नेमका त्यातच आहे.

दाखल्यावर आईचे नाव लग्नानंतरचे आहे, आधारवरही तेच. पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा, त्यात पतीचे नाव जोडलेले नाही, मुदत २०२९ पर्यंत. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर माहेरचे नाव आहे. राजपत्रात नावबदल केलेला नाही. वडिलांच्या कागदपत्रांत काही अडचण नाही.

महापालिकेत दाखल्यावरचे नाव दुरुस्त करून मागितले होते. नोंद रुग्णालयाच्या कागदांप्रमाणेच आहे, म्हणजे चूक नाही, म्हणून दुरुस्ती नाकारली.

बाकीची तयारी झाली आहे: दाखल्यावर बाळाचे नाव चढवलेले आहे, अ‍ॅनेक्श्चर डी वर (बाळाच्या पासपोर्टसाठी आईवडिलांनी द्यायचे घोषणापत्र) दोघांच्या सह्या आहेत, दोघांचे मूळ पासपोर्ट आणि झेरॉक्स, बाळाचे आधार, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो (चार वर्षांखालील मुलांचा फोटो आपल्यालाच न्यावा लागतो). अपॉइंटमेंट अजून घेतलेली नाही.

आईला पुढच्या महिन्यात कामासाठी परदेशी जायचे आहे, त्यामुळे तिचा पासपोर्ट आत्ता री-इश्यूला देता येणार नाही.

अलीकडे अशा स्थितीत अर्ज केलेल्यांनी कृपया सांगा: अर्जात आईचे नाव जन्मदाखल्याप्रमाणे लिहून सोबत विवाहाचा दाखला दिला तर केंद्रात स्वीकारतात, की दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्रही मागतात?