बारावीनंतर स्पोर्ट्स सायन्स घ्यायचंय, आजी विचारते पीटीची बाई होणार का?

खोखोवाली:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. बारावी सायन्स झालं, पीसीबी, ७१ टक्के. सीईटी दिली, 'नीट' (मेडिकलची प्रवेश परीक्षा) दिली नाही. पाचवीपासून खो-खो खेळते, जिल्ह्यापर्यंत गेलेय. गेल्या वर्षी सूर मारताना मांडीमागची शीर धरली, तर आमचे सर म्हणाले लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय, पळून मोकळं कर. पळाले. मग दोन महिने घरी. तेव्हापासून डोक्यात बसलंय की पळताना शरीरात नक्की काय चालतं ते शिकायचंच. एका कॉलेजच्या माहितीपत्रकात बीएस्सी स्पोर्ट्स सायन्स दिसलं, एक्सरसाइज फिजिओलॉजी, बायोमेकॅनिक्स, न्यूट्रिशन वगैरे विषय, वाचूनच भारी वाटलं. पण पप्पा म्हणतात जिममध्ये डंबेल उचलून द्यायला डिग्री कशाला, त्यापेक्षा फिजिओ कर. कुणी शिकलंय का हे? वर्गात काय करतात? नोकरी लागते का?

गुडघ्याची_वाटी:
मी फिजिओ आहे, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी), आमच्या वेळी साडेचार वर्षं होती, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. पहिली गोष्ट, महाराष्ट्रात फिजिओला 'नीट' परीक्षा लागते, त्यामुळे यंदाचा प्रश्न मिटलाच. दुसरी, फिजिओ म्हणजे खेळाडूंच्या मागे मैदानावर फिरणं असं सगळ्यांना वाटतं. माझ्याकडे सकाळपासून येतात ते पॅरालिसिसचे काका, गुडघा बदललेल्या आजी, खांदा आखडलेले डायबेटिसवाले. खेळाडू महिन्यातून एखादा. मला हेच आवडतं पण तुला आवडेल का बघ. आणि स्पोर्ट्स सायन्स करून पेशंटवर उपचार करता येत नाहीत, हे आत्ताच नीट समजून घे, नंतर रडू नकोस.

बाकी तुझ्या सरांचं लॅक्टिक अ‍ॅसिड प्रकरण अजून चालू आहे हे वाचून कपाळाला हात लावला. लॅक्टेट, म्हणजे सर ज्याला लॅक्टिक अ‍ॅसिड म्हणतात ते, तासाभरात रक्तातून निघून जातं. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते स्नायूच्या तंतूंना बारीक इजा झाल्यामुळे. आणि तुझं तर तेही नव्हतं, सरळ हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, फाटलं होतं थोडंफार.

मूकवाचक_पुणे:
मी हेच केलंय, बीएस्सी आणि पुढे एमएस्सी. वर्गात काय करतात विचारलंस ना, तर पहिल्या सेमिस्टरचं प्रॅक्टिकल सांगतो. हार्वर्ड स्टेप टेस्ट, दम किती टिकतो ते मोजायची चाचणी. मुलांना २० इंचाचा बाक, मुलींना आमच्याकडे १६, मिनिटाला ३० वेळा चढ-उतार, मेट्रोनोम टकटक करतोय आणि हे पाच मिनिटं. थांबलं की खुर्चीत बसायचं आणि एक, दोन आणि तीन मिनिटं झाली की दरवेळी अर्धा मिनिट नाडी मोजायची. माझे आले ८४, ७३, ६४, बेरीज २२१. चढलेले सेकंद गुणिले १००, भागिले बेरजेची दुप्पट. म्हणजे ३०,००० भागिले ४४२, साधारण ६८. सरासरी. आमच्यातला एक कबड्डीवाला, दंड असे की शर्ट फाटेल, १९० सेकंदांत खाली बसला, त्याचा ४७ आला, ५५ च्या खाली म्हणजे कमकुवत. तो आठवडाभर बोलला नाही कुणाशी. तीन वर्षं हेच, मोजायचं, गणित करायचं आणि आपला अंदाज का चुकला ते शोधायचं. बायो आवडतं पण आकडेमोड नको असेल तर जाऊ नकोस.

कॉलेज निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेव, प्रत्यक्ष जा आणि म्हण लॅब दाखवा. गॅस अ‍ॅनालायझर (श्वासातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) सुरू करून दाखवा म्हण. एका ठिकाणी मला ट्रेडमिलवर धूळ आणि वर खोकी ठेवलेली दिसली होती. पदवी यूजीसीमान्य विद्यापीठाची आहे का तेही बघ. नोकरीचं म्हणशील तर नुसत्या बीएस्सीवर कठीण, अ‍ॅकॅडम्या आणि फिटनेस सेंटर, सुरुवातीला पगार बेताचाच. पुढे एमएस्सी धर.

वऱ्हाडी_मास्तर:
मी पीटीचाच मास्तर आहे बरं का, आजीला सांग काही वाईट नसते. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो, १९१४ ची संस्था आहे ती. बीपीएड, म्हणजे पीटी शिक्षकाची पदवी, कोणत्याही पदवीनंतर करता येते, दोन वर्षं, त्याच्या वेगळ्या सीईटीत लेखीसोबत मैदानी चाचणी असते. म्हणून खेळाची सर्टिफिकेटं लॅमिनेशन करून ठेव पोरी, माझं एक पावसात भिजलं होतं तर लई धावपळ झाली. बीएस्सी करून बीपीएड केलंस तर शाळेचा दरवाजा बी उघडा राहते.

टपरीवरचा_चहा:
टेप आणि वजनकाटा घेऊन माणसं मोजायची, याला तीन वर्षं? आमचा शिंपी दहा मिनिटांत करतो 😂

मूकवाचक_पुणे:
@टपरीवरचा_चहा शिंप्याला चरबी दिसत नाही ना भाऊ. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, २००४ साली दोघांचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी छापला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि आपले याज्ञिक २१.२. वजनकाट्यावर दोघं सारखेच. म्हणून तर आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच जास्त वजन धरतात आणि पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर गेला की डॉक्टर भुवया उंचावतात. चहासोबत क्रीमरोल खाताना आठवण ठेव.

टपरीवरचा_चहा:
घरी टेप शोधतोय. बायकोला सांगू नका.

खोखोवाली:
सगळ्यांना खूप खूप थँक्यू!! पुढच्या आठवड्यात मामासोबत दोन कॉलेजांच्या लॅब बघायला जातेय. काल ती स्टेप टेस्ट घरी केली, देवघराजवळचा लाकडी पाट ठेवला तर तो चारच इंच, मग अंगणातला कट्टा मोजला, १७ निघाला, त्यावर केली. पाच मिनिटं पूर्ण! ७९ आला. आता संध्याकाळी पप्पांना चढवणारे, म्हणजे कळेल त्यांना डंबेल काय आणि सायन्स काय 😄

गुडघ्याची_वाटी:
अगं थांब!! पप्पांचं वय काय, बीपी-शुगर आहे का, जिना चढताना छातीत कधी दुखलंय का, गोळ्या कुठल्या? हे विचारल्याशिवाय कुणालाही चढवायचं नसतं.

खोखोवाली:
विचारलं. बीपीची गोळी आहे रोजची, आणि गेले तीन महिने घेतच नाहीयेत, आईलाही माहीत नव्हतं. टेस्ट कॅन्सल. उद्या सकाळी दवाखान्यात नेतोय.