नीतिमत्त्वाचे उरस्त्राण नेमके कशापासून वाचवते?

नगरकर

कोविडच्या दोन लाटांत आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बायबलमधले 91 वे स्तोत्र किती वेळा फिरले याला गणती नाही. तुझ्या तंबूजवळ व्याधी येणार नाही, हजार पडले तरी तुला काही होणार नाही, वगैरे. त्याच ग्रुपवर मयतीचे निरोपही येत होते. मग कुजबुज सुरू झाली, 'त्यांच्या घरात प्रार्थनाच नव्हती म्हणे.' हा धागा त्या कुजबुजीसाठी आहे.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (इफिस 6:14) प्रेषित पौल नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, म्हणजे छातीचे चिलखत, धारण करायला सांगतो. हे लिहिताना तो स्वतः बेड्यांत होता, सहाच वचनांनंतर तो तसे म्हणतोही. म्हणजे उरस्त्राण अंगावर आणि बेड्याही अंगावर. मग ते अडवते काय? त्याच अध्यायात शत्रू कोण ते आले आहे: सैतान आणि त्याचे डावपेच. प्रकटीकरण 12:10 त्याला बंधूंवर रात्रंदिवस आरोप करणारा म्हणते. 'तू नालायक आहेस, तुझ्या पापाला क्षमा नाही' हा वार छातीवर येतो आणि तोच हे उरस्त्राण झेलते. शिवाय ते आपल्या घरचे नाही. यशया 59:17 मध्ये ते परमेश्वर स्वतः घालतो. पौलही फिलिप्पै 3:9 मध्ये स्वतःचे नीतिमत्त्व बाजूला ठेवून ख्रिस्तावरील विश्वासाने मिळणारे मागतो. त्यामुळे कोण आजारी पडला यावरून कोण किती नीतिमान हे ठरवायचा अधिकार कोणालाच नाही.

तंबूवासी

सलाम. कुजबुज वाईट, मान्य. पण तिच्यावर उपाय म्हणून तुम्ही अभिवचनच पातळ करून टाकलेत. नोहा जलप्रलयात तारवात वाचला, दानीएल सिंहांच्या गुहेतून वाचला, तो काय फक्त मनाने? नीतिसूत्रे 12:21 सरळ सांगते की नीतिमानावर अनर्थ येत नाही. 37 व्या स्तोत्रात दावीद म्हणतो, म्हातारा झालो पण नीतिमान टाकून दिलेला पाहिला नाही.

आणि रोजच्या जगण्यात बघा ना. दारू नाही, मटका नाही, लाच नाही, दुसऱ्याच्या बायकोकडे वाकडी नजर नाही. अशा माणसाच्या दारात पोलीस आणि सावकार कमीच येतात. आमच्या वस्तीत तारण झाल्यावर घरे उभी राहिलेली मी डोळ्यांनी पाहिलीत. हे संरक्षण नाही तर काय?

नगरकर

शेवटचा परिच्छेद शंभर टक्के मान्य. नीतिसूत्रांचा पुस्तकभर तोच सूर आहे: साधारणपणे नीट वागणाऱ्याचे नीट होते. पण 'साधारणपणे'चा 'नेहमी' केला की आपण ईयोबाचे मित्र होतो, निर्दोष ईयोबाच्या दुःखाचा दोष त्याच्याच पापाला देणारे. 'निर्दोष असून कोणाचा नाश झाला?' हे अलीफजचे वाक्य आहे (ईयोब 4:7) आणि शेवटी परमेश्वर रागावतो तो याच मित्रांवर.

दानीएलचेच पुस्तक घ्या. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला म्हणतात की आमचा देव आगीच्या भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवले तरी तुझ्या मूर्तीला आम्ही नमणार नाही (3:17-18). इब्री 11 मध्येही एकाच यादीत कोणी तलवारीच्या धारेतून सुटले, तर कोणी करवतीने चिरले गेले. विश्वास दोघांचाही वाखाणला आहे. बाकी 91 वे स्तोत्र मंदिराच्या शिखरावर येशूला कोणी ऐकवले, ते मत्तय 4:6 मध्ये वाचा.

तंबूवासी

सैतानाने म्हटले म्हणून वचन खोटे होत नाही, नगरकर. येशूने त्याला 'हे स्तोत्र चुकीचे आहे' असे उत्तर दिलेले नाही. परमेश्वराची परीक्षा पाहू नकोस, एवढेच म्हटले. मी शिखरावरून उडी मारायला सांगत नाहीये.

नगरकर

बरोबर, वार चुकला माझा :) पण त्याच स्तोत्राचे 15 वे वचन ग्रुपवर कधी आले नाही: संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. ज्याच्यावर संकट येणारच नाही, त्याला हे कशाला सांगायचे?

वसईची

तुम्ही दोघे नीतिमत्त्वाला बाहेरून चढवायचा अंगरखा समजता. आम्ही कॅथलिक म्हणतो की कृपा माणसाला आतून खरोखर नीतिमान करते. आमच्या चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये तेच ठासून सांगितले. 1999 मध्ये ऑग्सबर्गला लुथरन आणि कॅथलिक पुढाऱ्यांनी याच विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्यात, त्यामुळे जुने भांडण मी उकरत नाही.

पण नीतिमत्त्व शेजाऱ्याच्या उपयोगी पडायला नको? 1527 मध्ये विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा तुमचा प्रोटेस्टंटांचा लूथर गाव सोडून गेला नाही, आजाऱ्यांना घरात ठेवून घेतले. पळून जावे का, या प्रश्नावर त्याने तेव्हा लिहिलेही: औषध घ्या, घराला धुरी द्या, गरज नसेल तिथे जाऊ नका, पण शेजाऱ्याला गरज असेल तर जा. औषध नाकारणारा देवाची परीक्षा पाहतो, असे त्याचे मत. नीतिमान माणूस दुसऱ्याचे संरक्षण होतो. तुम्हा दोघांची चर्चा 'मला काय मिळणार' याच्या पुढे सरकतच नाही.

संशयात्मा

बाहेरचा आहे, तरी बोलतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण 1874 च्या सुमारास दुष्काळात गेले. सगळी व्रते, दाने, तीर्थे करूनही देव पावले नाहीत, आणि तिथे आपला विश्वास उडाला, हे बाईंनीच आपल्या साक्षीत लिहिलंय. ठीक. मग ख्रिस्ती झाल्यावर 1921 मध्ये मुलगी मनोरमा आईच्या आधी गेली. तीच फूटपट्टी इथे का नाही? वाचला तर देवाची कृपा, मेला तर 'संरक्षण आत्म्याचे होते'. हा पत्ता कधी हरूच शकत नाही.

नगरकर

धाग्यातला सर्वात अवघड प्रतिसाद. तंबूवासींच्या बाजूने उभे राहिले तर याला उत्तर नाही, असे माझे मत.

बाईंचा बाप्तिस्मा 1883 चा, इंग्लंडमधल्या वाँटेजला. पण पुढे त्यांनीच कबूल केले की धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता. तो सापडायला आणखी सुमारे आठ वर्षे गेली. अमुक केले की तमुक मिळेल हा हिशेब त्यांनी तेव्हा सोडला, असे मी त्यांची साक्ष वाचून म्हणतो. फूटपट्टीच टाकून दिल्यावर ती मनोरमाच्या कबरेवर कशी लावणार? मात्र बाहेरून याची तपासणी होऊ शकत नाही, हा तुमचा आक्षेप उरतोच. तो मी खोडू शकत नाही.

संशयात्मा

प्रामाणिक उत्तर. पटले नाही.

तंबूवासी

नगरकर, तुमचे सगळे शास्त्र दफनाच्या दिवशी चालते, मान्य. दवाखान्यात काय करता? परवा आमच्या मंडळीतल्या पोराला डेंग्यू झाला, प्लेटलेट खाली आल्या. मी त्याच्या आईला 'उरस्त्राण आरोपापासून वाचवते' सांगू का?

नगरकर

नाही. 'प्रभू, बरा कर' एवढेच म्हणा, आणि रक्तदाते शोधा. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळो असेच मागितले होते.

तंबूवासी

रक्तदाते आपल्या तरुण संघातलेच मिळाले. पोरगा घरी आला. मी याला संरक्षणच म्हणणार, तुम्ही काय म्हणायचे ते म्हणा.