मालिकेतला चादरीचा कारखाना

"सेटवर चार माग मांडले की झाला सोलापूरचा कारखाना," असं कुणी म्हणेल. नाही हो! चालू धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या शटलच्या) मागाशेजारी नायक-नायिका कुजबुजतात, तिथंच सगळं फसतं. खऱ्या शेडमध्ये कानाशी ओरडावं लागतं, नाहीतर हातवारे. संवाद हवाच असेल तर माग थांबलेला दाखवा: ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटलाय, कामगार वाकून गाठ मारतोय, किंवा धोट्यातली रिकामी कांडी (सुताची नळी) बदलतोय. टॉवेलचा माग असेल तर बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेले रूळ, दोन पाहिजेत, एक खालच्या मूळ कापडाच्या ताण्याचा, दुसरा सैल सुटणाऱ्या फासांच्या सुताचा. एकाच बीमवर नुसतं सपाट कापड निघेल. नक्षीच्या चादरीला मागाच्या डोक्यावर जॅकार्ड (नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे उचलणारं यंत्र) आणि त्याच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांची सरकती माळ. केसांवर सुताची धूळ. मेकअपवाले नेमकी तीच पुसतात! आणि सोलापुरात तेलुगू बोलणारे विणकर पुष्कळ, तेव्हा तेलुगूतली एखादी हाक हवीच.