अनुभव धागा: तेलाचा भाव, कंपन्यांचा नफा आणि मराठवाडा

गोदाकाठ
माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत २०१४ची डिझेलची पावती सापडली. शाई उडालीय, साल तेवढं वाचता येतं. त्याच ऑक्टोबरात डिझेलचा भाव बाजारावर सोडला होता. पेट्रोलचा जून २०१० मध्येच सोडलेला. कच्चं तेल चढलं की भाव चढेल, उतरलं की उतरेल, असं तेव्हा सांगितलं होतं. १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला भाव बदलायला लागला.

एप्रिल २०२० ला कच्चं तेल पिंपाला २० डॉलरच्या आसपास आलं. आपल्याला काय मिळालं? मे महिन्यात केंद्रानं पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये कर एका रात्रीत वाढवला. २०१४च्या उन्हाळ्यात डिझेलवर लिटरमागं ३.५६ रुपये अबकारी कर होता, तो ३१.८३ वर गेला. पुढं नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ ला कमी केला, पण ३.५६ कुठं राहिलं!

२०२३-२४चे नफे बघा. इंडियन ऑइल ३९,६१९ कोटी, भारत पेट्रोलियम २६,६७३ कोटी, हिंदुस्थान पेट्रोलियम १४,६९४ कोटी. मार्च २०२४ ला आपल्याला लिटरमागं २ रुपये. जाणकारांनी लिहा, भाव कसा बनतो, माप कसं तपासायचं, तेल कुठं वाचतं.

मांजरा
आकडे बरोबर आहेत, पण आधीचं सालही बघावं. एप्रिल ते जून २०२२ या तीन महिन्यांत तिन्ही कंपन्यांना मिळून १८ हजार कोटींच्या वर तोटा होता. कच्चं तेल महाग होतं आणि पंपावरचा भाव थांबवून ठेवला होता.

दुधना
@मांजरा दादा, तेच तर सांगायलोय. २०२२-२३च्या पूर्ण सालात तिघांपैकी फक्त हिंदुस्थान पेट्रोलियम तोट्यात होती, ८,९७४ कोटी. बाकी दोघी नफ्यातच. पुढच्या सालचा तिघींचा नफा जवळपास ८१ हजार कोटी. म्हणजे खड्डा बुजून वर डोंगर झाला तरी भाव २ रुपयांनीच हलला. स्वयंपाकाच्या गॅसमधल्या तोट्यापोटी सरकारनं कंपन्यांना २०२२ ला २२ हजार कोटी दिले, २०२५ ला ३० हजार कोटी मंजूर केले. सोयाबीन पडल्या भावात विकणाऱ्याला अशी भरपाई कोण देतं?

बालाघाट
राज्याचा कर कुणीच धरला नाही. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट, वर लिटरला ५.१२ रुपये. डिझेलवर २१ टक्के. जुलै २०२२ ला पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी उतरलं ते राज्यानं कर कमी केल्यामुळं. व्हॅट टक्क्यात असतो आणि केंद्राचा कर धरून बसतो, म्हणून केंद्रानं १ रुपया वाढवला की राज्याचेही २१-२५ पैसे आपोआप वाढतात. पाचही इंधनं जीएसटीच्या बाहेर आहेत: कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू, विमानाचं इंधन. शेतकऱ्याला डिझेलवरचा कर कुठंच वळता करून घेता येत नाही.

परभणीकर
आमच्याकडं महाग काहून, तर अंतर. डेपो इथं नाही. माल मनमाडजवळच्या पानेवाडीहून नाहीतर सोलापूरजवळच्या पाकणीहून टँकरनं येतो, आणि ते भाडं भावात बसतं. मे २०२१ ला साधं पेट्रोल इथं शंभरावर गेलं तेव्हा मुंबई अजून शंभराच्या आत होती. ज्या जिल्ह्याची कमाई कमी त्यालाच लिटर महाग. याचा लई राग येतो.

सीमेवरचा
देगलूर, बिलोलीकडच्यांनी नुसतं सीमा ओलांडली की स्वस्त असं धरू नये. तेलंगणात पेट्रोलवर ३५.२० टक्के आणि डिझेलवर २७ टक्के व्हॅट आहे. कर्नाटकनं पण जून २०२४ ला कर वाढवला. जाऊन येऊन ३० किलोमीटर होत असंल अन् लिटरला दीड-दोन रुपये वाचत असतील, तर ४० लिटर भरूनही ६०-८० रुपयेच वाचतात, ते जाण्यातच जातंय.

काळी_माती
भाव आपल्या हातात नाही, लिटर आहे. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला काळ्या जमिनीत खोल नांगरटीला एकरी ८ ते १२ लिटर डिझेल लागतं. फरक पडतो तो चाक घसरण्यानं. मागच्या टायरला खडूनं खूण करा. नांगर उचलून १० फेऱ्यांत किती अंतर जातं ते मोजा, मग नांगर घालून १० फेरे. पहिल्यांदा ५० मीटर अन् दुसऱ्यांदा ४२ आलं तर घसरण १६ टक्के. १५ च्या वर गेली की चाकाला वजनं लावा नाहीतर टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरा.

उन्हाळ्यात धुरळ्यात ऑइल-बाथ एअर क्लीनर रोज उघडून बघावा, वाटीत बोटभर गाळ बसला की ऑइल बदला. हवा कोंडली की काळा धूर येतो. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, पैसेच जायलेत नळीतून. अन् ट्रॅक्टर चालू ठेवून बांधावर गप्पा बंद करा राव, तासाला लिटरभर तरी जातं.

पंपवाला_नाही
माप: प्रत्येक पंपावर वैध मापन विभागाचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप असतं. मागितलं की द्यावं लागतं. सपाट जागेवर ठेवा, आधी एकदा तेलानं ओलं करून उपडं करा, अर्धा मिनिट निथळू द्या, मग ५ लिटर घ्या. २५ मिलीपर्यंतचा फरक कायद्यात बसतो. १०० ऐवजी ११० चं टाका म्हटल्यानं काही होत नाही. यंत्रातच गडबड असली तर ती दोन्हीला सारखीच लागते.

शुद्धता: फिल्टर पेपर मागा, पेट्रोलचा एक थेंब टाका. दोन मिनिटांत डाग न ठेवता उडालं पाहिजे. घनतेसाठी ५०० मिलीचा जार, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर लागतात. वाचलेला आकडा तक्त्यावरून १५ अंशाला आणायचा आणि सकाळच्या नोंदीशी ताडायचा. घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक आला तर तिथंच तक्रारवहीत लिहा.

तेरणा
पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी निघालं तर? आता २० टक्के इथेनॉल आहे ना.

पंपवाला_नाही
@तेरणा ताई, इथेनॉल पाणी ओढतं. थोडं असलं तर मिसळून जातं, जास्त झालं की इथेनॉल अन् पाणी एकत्र होऊन तळाला बसतं, वर नुसतं पेट्रोल. गाडी अचानक धक्के मारून बंद पडते. अशा वेळी परत परत स्टार्टर मारू नका, टाकी तळापासून रिकामी करायला लावा. ॲव्हरेजचं म्हणाल तर नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच आहे की जुन्या बनावटीच्या चारचाकीला ६-७ टक्के आणि दुचाकीला ३-४ टक्के फटका बसतो. ऊस आपला, इथेनॉल आपलं, तरी लिटर स्वस्त नाही.

चूल_ते_गॅस
पुरुष मंडळींचं डिझेल चालू द्या, मी गॅसचं लिहिते. भात लावलाय, पटकन. टाकीच्या वरच्या पट्टीवर रिकामं वजन कोरलेलं असतं, समजा १५.३. त्यात १४.२ मिळवा, २९.५ किलो भरलं पाहिजे. १५० ग्रॅम इकडंतिकडं चालतं. काटा डिलिव्हरीवाल्यानं आणायचा असतो, आणला नाही तर टाकी घ्यायच्या आधी मागा. त्याच पट्टीवर ए-२७ असं लिहिलेलं असतं, ती तपासणीची मुदत: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, २७ म्हणजे २०२७ साल. मुदत गेलेली टाकी घेऊ नका बायांनो.

मांजरा
@चूल_ते_गॅस ताई, हे माहीत नव्हतं. आजच बघतो.

लालपरी
जानेवारी २०२५ ला एसटीचं तिकीट १४.९५ टक्क्यांनी वाढलं. डिझेल उतरलं तर तिकीट उतरतं का कधी? विचारूनच ठेवते.

गोदाकाठ
@काळी_माती मामा, डिझेल फिल्टर बदलल्यावर ट्रॅक्टर चालू होईना म्हणतात बऱ्याच जणांचा. त्याचं सांगा की.

काळी_माती
हवा धरते. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे ढिला करा, फीड पंपाचा हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग निखळ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग दुसऱ्या फिल्टरचा, शेवटी इंजेक्शन पंपाचा, याच क्रमानं. उलटा क्रम केला तर हवा पुढं सरकत राहते. तरी होईना तर जुना तांब्याचा वायसर परत लावलाय का बघा. तो एकदा दबला की नीट बसत नाही, तिथून हवा ओढतो. नवा पाचदहा रुपयाला मिळतो.

दुधना
अन् टाकी संध्याकाळी भरून ठेवा. रात्रीच्या गारव्यात रिकाम्या टाकीत दव धरतं, तेच पाणी फिल्टरात जातं. कॅन भरताना जमिनीवर ठेवा, ट्रॉलीत ठेवून भरू नका, ठिणगी पडते.

तेरणा
पेट्रोल बाटलीत देत नाहीत आमच्याकडं, डिझेल कॅनमध्ये देतात. असंच आहे का सगळीकडं?